निवळलेलं पाणी

उस्तादने पिंपातलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, तपासणीचे थेंब टाकले आणि नळी खिडकीपाशी धरली. रोज हिरवट होणारा रंग आज पिवळा झाला होता. पाणी आम्लधर्मी झालं होतं. त्याने वाकून पिंपात पाहिलं. विहिरीचं ते किंचित गढूळ पाणी एका रात्रीत काचेसारखं नितळ झालं होतं, अगदी तळ दिसावा इतकं.

त्याचं सलून गावभर 'उस्ताद' याच नावाने ओळखलं जायचं, आणि सलूनपेक्षाही प्रसिद्ध होती त्यातली माशाची टाकी. टाकीत गोड्या पाण्यातलं पाकट होतं, चपट्या अंगाचा मासा, वाळूत ताटलीसारखं पसरलेलं, म्हणून गिऱ्हाइकं तिला ताटलीच म्हणत. जुनी जागा सोडावी लागली तेव्हा एवढी जड टाकी कुणी घरात घेईना. शेवटी गल्लीत एकट्या राहणाऱ्या काकूंनी घेतली. सलूनसाठी तळमजल्याची खोली दिली, मागची विहीरही दिली. पण जागा बदलल्यापासून ताटलीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. टाकीतलं पाणी जुनं होत चाललं होतं. म्हणून तो रोज पहाटे पाणी शेंदायचा, पिंपात रात्रभर हवेचे बुडबुडे सोडायचा, कपड्यातून गाळायचा, कोमट करायचा आणि मग थोडं थोडं बदलायचा.

काकू दारात आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

त्यांनीच सांगितलं. दाढी करताना कापलं की तो तुरटी फिरवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. गढूळ पाण्यावरही हाच उपाय, म्हणून संध्याकाळी तो घरी गेल्यावर त्यांनी पिंपात तुरटी फिरवली होती. तेवढीच त्याला मदत.

उस्तादने नळी खिशात घातली. ते पाणी टाकीत गेलं असतं तर ताटली वाचली नसती. पण काकूंकडे पाहून त्याला रागवता येईना.

"पाणी छान निवळलंय, काकू," तो म्हणाला. "फक्त तिला तुरटी सोसत नाही. आपण हे फरशीला वापरू."

काकूंचा हात पदराकडे गेला. मग त्यांनी बादली उचलली आणि विहिरीकडे चालू लागल्या. दोघांनी मिळून दुसरं पिंप भरलं. एकाने दोर ओढायचा, दुसऱ्याने बादली रिती करायची.

दुसऱ्या दिवशी ते पाणी हळूहळू टाकीत सोडलं. दुपारी एक दाढी अर्धी टाकून उस्ताद टाकीशी गेला आणि त्याने एक गांडूळ आत सोडलं. वाळू हलली. ताटली वर सरकली, गांडुळावर पसरली, आणि उठली तेव्हा खाली काहीच नव्हतं. साबण लावलेलं गिऱ्हाईकही उठून पाहायला आलं.

संध्याकाळी तो काकूंकडे गेला.

"तुमचे आभार कसे मानू?" त्याने विचारलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"हे गेल्यापासून त्या विहिरीवर कुणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता पहाटे कप्पी कुरकुरते. घरात कुणीतरी उठलंय, असं वाटतं."

त्यांनी ताट थोडं त्याच्याकडे सरकवलं. तो बसला आणि खडे वेचू लागला.