पुजलेले बेल्ट

नांदेडहून तपासणीच्या मॅडम येणार म्हटल्यावर देगलूरच्या त्या वसतिगृहाच्या बांधकामावर सकाळपासूनच शिस्तीला ऊत आला. ज्यांनी हेल्मेटात आजवर फक्त खिळे ठेवले होते, त्यांच्याही डोक्यावर ती चढली. सिद्धम्मानं मात्र आपलं काढून विटांवर ठेवलं. चुंबळ आणि हेल्मेट एका डोक्यावर बसत नाहीत, हे हेल्मेट बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसावं.

सिद्धम्मा घमेली वाहायची. तिचा नवरा गुरुपादप्पा तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला, बांबूच्या परांचीवर उभा राहून गिलावा करायचा. गेल्या वर्षी नायगावला त्याचा धाकटा भाऊ अशाच परांचीवरून पडून गेला. तेव्हापासून नवरा वर चढला की तो संध्याकाळी उतरेपर्यंत सिद्धम्माला घास गोड लागायचा नाही. हे ती कुणाला बोलत नसे. बोलून काय, गिलावा थोडाच खाली बसून होणार होता?

महामाया मॅडम अकराला आल्या. तिशीच्या असतील, पायात जाड बूट, बोलणं कमी. जिन्याला कठडा नव्हता तिथं थांबल्या, उघड्या वायरीपाशी थांबल्या, लिहून घेतलं. ठेकेदार आप्पासाहेब चहाचं विचारत मागं मागं फिरत होते. मॅडम हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मग वर बघत त्यांनी विचारलं, "त्या मिस्त्रीच्या अंगात सेफ्टी बेल्ट का नाही?"

"बेल्ट हाईत की मॅडम. नवेकोरे सहा हाईत." आप्पासाहेब मोठ्या उत्साहानं त्यांना सामानाच्या खोलीत घेऊन गेले.

भिंतीवर सहा खिळ्यांना सहा बेल्ट टांगलेले होते. प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं, मधोमध कुंकू, आणि वाळून करपलेली झेंडूची माळ. घरच्या देवांचीसुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

उत्तर द्यायला गुरुपादप्पाला खाली बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "खंडेनवमीला पूजा झाली यांची. त्याच दिवशी आले होते, म्हणून अवजारांसंगं मांडले."

"पूजा थापीचीही केली असेल. ती तर वापरता."

"थापी हातात धरतो मॅडम. ह्याच्यात पाय घालावा लागतो." मांडीत अडकवायचे दोन फास त्यानं लांबूनच, हात न लावता दाखवले. "देवाला लाथ मारून वर चढायचं आन् वर गेल्यावर त्यालाच म्हणायचं का, सांभाळ बाबा?"

बाकीच्या मिस्त्र्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी वाकून ते फास निरखले. आप्पासाहेबांनी ती संधी साधली. "मॅडम, बेल्ट उपलब्ध आहेत, एवढंच लिहा. रकाना तेवढाच आहे."

"उपलब्ध लिहिल्यानं पडणारा माणूस अडत नाही. बेल्ट घातल्याशिवाय कुणी वर चढणार नाही. हे नको असतील तर दुसरे मागवा."

"दुसरे यायला आठ दिवस लागतील."

"मग आठ दिवस बाहेरचं काम बंद."

"बरं," आप्पासाहेब म्हणाले. ते 'बरं' सिद्धम्माच्या चांगलं ओळखीचं होतं. मॅडमची गाडी फाट्यापलीकडं गेली की माणसं पुन्हा परांचीवर, एवढाच त्याचा अर्थ.

दाराशी घमेलं घेऊन उभी राहिलेली सिद्धम्मा हे सगळं ऐकत होती. पूजा तिनंच मांडली होती. बेल्ट आले तेव्हा तिला इतका आनंद झाला, की थापीच्याही आधी तिनं त्यांना कुंकू लावलं, हात जोडले, माझ्या माणसाला सांभाळा म्हणाली. आणि त्याच कुंकवापायी तो महिनाभर तसाच वर चढत होता. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

घमेलं खाली ठेवून ती पिंपावर हात धुवून आली. कडेचा बेल्ट तिनं खिळ्यावरून उतरवला, माळ काढली, हात जोडले. मग गणपती उठवताना हलवतात तसा तो जरासा हलवला. "उठा देवा, पूजा झाली."

"असं कोण बी उठवतं व्हय?" गुरुपादप्पा कुरकुरला.

"मांडली मी, उठवणार बी मीच."

तरी तो हात पुढं करीना. सिद्धम्मानं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि सिमेंटनं भरलेला आपला पाय सरळ त्या फासात घातला. एका मिस्त्रीनं तोंड फिरवलं. तिनं पाय पुरता आत घालून मगच बाहेर काढला.

"पाप लागायचं ते मला लागू द्या. आता ह्यो देव न्हाई, माझ्या पायातला हाय. घाला."

गुरुपादप्पानं तो घातला. मॅडमनी बकलं स्वतः ओढून बघितली आणि सांगितलं, "बेल्टच्या दोरीचा आकडा परांचीच्या बांबूला नको, वरच्या खांबाच्या गजाला अडकवायचा." आप्पासाहेब उरलेले पाच बेल्ट खिळ्यांवरून उतरवायला लागले.

परांचीशी जाऊन गुरुपादप्पा थांबला. खालच्या आवाजात बायकोला म्हणाला, "सांजच्याला उतरलो की देवाच्या पाया पडून माफी मागतो."

"उतरा म्हंजे झालं," सिद्धम्मा म्हणाली.