सात लाल ठिपके

"ही मूळची नाही ना, काका?"

यंत्राच्या पोटात बॅटरीचा झोत मारत, जमिनीवर पालथी पडलेल्या बाईने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्या स्प्रिंगला एक लाल ठिपका चिकटवून टाकला. फिटरकाकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मूळची तुटली, त्याला सोळा वर्षं झाली. ही सायकलच्या ब्रेकची आहे. मी बसवलीय. चालते."

"हं," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिले.

एवढे काय लिहायचे असते एका स्प्रिंगबद्दल, हे काकांना कळेना. त्यांनी मान तिरकी करून पाहिले, पण अक्षर मुंगीएवढे होते आणि चष्मा घरी राहिला होता.

यंत्र बस डेपोच्या प्रतीक्षालयात चाळीसहून अधिक वर्षे उभे होते. लोखंडी कपाटाएवढे धूड, पुढे काच, आत पाच उभे खण. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा, की बिस्किटांचा पुडा, कंगवा नाहीतर रुमाल खालच्या तबकात धपकन पडायचा. विजेचा संबंध नव्हता, सगळा खेळ स्प्रिंगांचा आणि दांड्यांचा. आता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संग्रहालयाने ते मागितले होते. सुटे करून, खोक्यांत भरून, जहाजाने जायचे होते. त्यासाठी ही पॅकिंगवाली बाई दोन हमाल घेऊन आली होती, आणि यंत्र उघडायचे कसे हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसल्याने मॅनेजरने फिटरकाकांना निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बोलावणे धाडले होते.

काकांना पहिल्यापासून वाटत होते, कुठेतरी पाणी मुरतंय. जे भंगारवाला फुकट न्यायला तयार नव्हता, ते कोणी जहाजात घालून नेईल? आदल्या संध्याकाळी त्यांनी हे बायकोला बोलून दाखवले.

"तुम्ही तर स्वतःच्या सावलीलाही विचाराल, कुठे निघालीस म्हणून," ती म्हणाली होती. सकाळी तिने त्यांच्यासमोर कोरा पांढरा शर्ट ठेवला.

"ग्रीस लागेल."

"शेवटचं जाताय त्या यंत्राकडे. जरा नीट जा."

तर असे, पांढऱ्या शर्टात, काका त्या बाईच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते. तिच्या एप्रनला चार खिसे होते. एकात सुऱ्या, एकात ठिपके, एकात पेन्सिली. चौथ्यात काय आहे ते कळत नव्हते, म्हणून काकांचा मुख्य संशय चौथ्या खिशावर होता. दुपारी तिने त्यातून रुमाल काढून नाक पुसले, तेव्हा तो बारगळला.

काम मात्र ती नेकीने करत होती, हे नाकबूल करता येत नव्हते. प्रत्येक स्क्रू निघाला की फोटो, मग छोटी पिशवी, पिशवीवर नंबर. काच काढताना तिने वरच्या पट्टीला हात घातला, तेव्हा काका ओरडलेच.

"आधी खालची, मॅडम! नाहीतर काच पायावर येईल."

तिने हात मागे घेतला. "बरं झालं तुम्ही होतात." काकांना हे आवडले, आणि आवडले म्हणून पुन्हा संशय आला. गोड बोलून गळा कापणारी माणसे त्यांनी स्टोअर विभागात तीस वर्षे पाहिली होती.

जेवणानंतर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सुटे केलेले शे-सव्वाशे भाग कापडावर ओळीने मांडले होते. त्यांतल्या सहांवर लाल ठिपके होते. ब्रेकची स्प्रिंग. शिलाई मशीनच्या चाकातून केलेली फिरकी. सीटच्या बिजागरीचा अडसर. सहाही त्यांनी स्वतः केलेले. बाकी एकावरही ठिपका नव्हता.

त्यांच्या हातची सातवी वस्तू तेवढी अजून ठिपक्याविना होती, ती म्हणजे जीभ. बोटाएवढी पितळेची वाकडी पट्टी, जी पुड्याला ढकलायची. ती नसेल तर यंत्र म्हणजे नुसते कपाट. बसच्या खिडकीच्या मुठीतून काकांनी ती तीन रविवार घासून काढली होती. पहिले आठ दिवस एका नाण्यात दोन पुडे पडायचे, आणि तेवढे आठ दिवस काका तमाम ड्रायव्हर मंडळींना देवमाणूस वाटत होते. मग त्यांनी ती आणखी केसभर घासली. त्यानंतर तेवीस वर्षे तिने चूक केली नाही.

बाईने जिभेवर ठिपका लावला आणि फोन घेऊन खिडकीपाशी गेली. काकांनी कान टवकारले.

"हो, सातच आहेत मूळ नसलेले. वेगळे काढतेय. नाही, ते बाकीच्यांत मिसळत नाही."

वेगळे काढतेय. धान्यातले खडे वेगळे काढावेत तसे. फेकायचेच असेल तर माझी वस्तू माझ्या घरात पडून राहील, काका मनाशी म्हणाले. आयुष्यात डेपोचा एक खिळा घरी न नेलेल्या माणसाने हात पुढे केला, आणि जीभ शर्टाच्या खिशात गेली.

मग मात्र चोराच्या मनात चांदणे. हमाल खोकला तरी काका दचकत. हात सारखा छातीशी जात होता.

बाई परतली. जाड फोमचे पत्रे पसरून ती प्रत्येक भागाच्या आकाराचा खळगा कापू लागली. मापे तिने सकाळीच घेऊन ठेवली होती. चारच्या सुमारास एका लहान पत्र्यात सहा भाग बसले. सातवा खळगा तेवढा रिकामा राहिला, वाकड्या बोटासारखा.

"काका, जीभ पाहिलीत?"

"इथेच असेल. पडली असेल कुठेतरी."

ती गुडघ्यांवर बसली. बाकांखाली, कचऱ्याच्या डब्यात, हमालांच्या पिशव्यांखाली, सगळीकडे बॅटरी मारत शोधत राहिली. अर्धा तास झाला. तिच्या गुडघ्याला खरचटले. हमाल कंटाळून म्हणाला, "मॅडम, एवढीशी पट्टी. दुसरी करून घेतील की ते."

"दुसरी नाही मिळणार." ती बाकाखालूनच म्हणाली. "बाकी काहीही हरवलं असतं तरी चाललं असतं. कंपनीचे भाग अजून मिळतात, मागवता येतात. हे सात जगात कुठेच मिळत नाहीत. त्यासाठी तर लाल ठिपके लावले. संग्रहालयाने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, हाताने केलेले भाग असतील तर आधी ते सांभाळा."

काका बाकावर बसून होते. मरणाची लाज वाटली त्यांना. जीभ बाकाखाली टाकून 'सापडली' म्हणता आले असते. बाई दुसरीकडे पाहत होती, संधीही होती. पण तेवीस वर्षे नीट चाललेल्या वस्तूला खाली टाकायला त्यांचा हात होईना. त्यांनी ती खिशातून काढून तळहातावर धरली.

"माझ्याकडेच होती. मला वाटलं, तुम्ही हे फेकून देणार."

बाईने जिभेकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. रागावली असावी. पण फोमचा पत्रा उचलून तिने त्यांच्यापुढे धरला. काकांनी जीभ स्वतः खळग्यात दाबली. केसभरही इकडे तिकडे नाही, नेमकी बसली.

"तिथे जोडल्यावर चालेल ना हे?" थोड्या वेळाने तिने विचारले. वही पुन्हा उघडली होती.

"चालेल. फक्त कधी अडलं तर डाव्या अंगाला, कंबरेच्या उंचीवर, उघड्या हाताने एक थाप मारायची." काका घुटमळले. "हळू, असं लिही पोरी. नाहीतर जोरात मारतील."

तिने 'हळू' लिहून खाली रेघ ओढली. मग यंत्राच्या डाव्या अंगाचा लोखंडी पत्रा गुंडाळण्याआधी तिने त्यावरून हात फिरवला. कंबरेच्या उंचीवर रंग उडून तळव्याएवढे लोखंड उघडे पडले होते. तिने खिशातून आणखी एक ठिपका काढून तिथे लावला.

"इथे रंग देऊ नका म्हणून," ती म्हणाली.

संध्याकाळी बायकोने शर्ट हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. खिशावर तेलाचा डाग उमटला होता, वाकड्या बोटासारखा.

"सांगितलं होतं नीट जा म्हणून. आता हा जायचा नाही."

"राहू दे."

"राहू दे काय? कोरा शर्ट आहे. थांबा, साबण लावून बघते."

"राहू दे म्हटलं ना," काका म्हणाले, आणि तिच्या हातातून शर्ट घेऊन त्यांनी तो तसाच खुंटीला अडकवला.