सोनचाफ्यापर्यंतची फरशी

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे, मित्रांनो. डोंबिवलीतल्या एका घराच्या परसात भिंतीला टेकून उभी असते. अंगावर शेवाळ आहे, एक कोपरा तुटलाय. माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून आज तुम्हालाच हाक मारली.

खाणीतून निघालो तेव्हा आम्ही पुष्कळ जणी होतो. कल्याणच्या मालधक्क्यावर उतरलो आणि बैलगाडीने इथे आलो. देश स्वतंत्र होऊन अजूनही फार वर्षं झालेली नाहीत. आसपास सगळी भातखाचरं, मध्येच एखादं नवं घर.

आम्हाला आणलं ते शुभदाआक्कांसाठी. घरमालक श्रीपादरावांची ही थोरली बहीण. पूर्वी शाळेत शिकवायच्या. विषमज्वरात दृष्टी गेली आणि त्या घरातच बसल्या. त्यांचं मागणं एकच होतं. "श्रीपाद, बागेत मला एकटीला जाता येईल असं काहीतरी कर रे. दरवेळी कुणीतरी हाताला धरून न्यायचं म्हणजे मी काय पोस्टाचं पार्सल आहे?"

मग मागच्या दारापासून सोनचाफ्यापर्यंत फरसबंदी करायचं ठरलं.

दौलत गवंडी कुदळ घेऊन आला, तशा श्रीपादरावांच्या आई आडव्या आल्या. "तुळशीचं लग्न तोंडावर आलंय. हे अंगण मी हातांनी सारवत आलेय. लग्नघरात कुदळ मारतात होय?"

दौलतने टाच आपटून पाहिली. "जमीन तर खडकावानी हाय, काकू. वरच घालू की."

श्रीपादरावांनाही पाहुणे यायच्या आत काम उरकायचं होतं. शेणाच्या सारवणावरच चिमूट चिमूट रेती भुरभुरली आणि आम्हाला मांडलं. खाली काय आहे, हे कुणी विचारलंच नाही.

लग्नाला आलेल्यांनी काय कौतुक केलं आमचं! आक्का काठी टेकत एकट्या चाफ्यापर्यंत गेल्या आणि एकट्या परत आल्या. नंतर रोजच. त्यांची अनवाणी पावलं मला ओळखू यायला लागली. ते माझे सुखाचे दिवस.

आषाढात पाणी मुरलं. सारवण लोण्यासारखं झालं, माझी एक बाजू खचली. मी जीव मुठीत धरून होते, पण दगडाने काय करायचं? आक्कांचा पाय पडला, मी डुगडुगले, आणि त्या कोसळल्या. मनगट मोडलं.

"हीच ती मेली!" आई ओरडल्या. श्रीपादरावांनी पहारीने मला उपटलं आणि भिंतीकडे भिरकावलं. कोपरा तुटला तो तेव्हा.

मनगट जुळलं. आक्का मात्र उंबऱ्याबाहेर येईनात. मला तेच जास्त लागलं, मित्रांनो.

गणपती येऊन गेले. एका दुपारी आक्का दारातून बसूनच सरकत बाहेर आल्या. माझ्या रिकाम्या जागी त्यांनी काठी रोवली. ती सरळ आत गेली.

"श्रीपाद! इकडे ये आधी. त्या फरशीला कसल्या शिव्या घालता? इथे हात घालून बघ!"

श्रीपादरावांचा हात मनगटापर्यंत चिखलात गेला. आई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यंदा तुळशीचं लग्न ओटीवर लावू. खण तू."

पाऊस सरल्यावर सगळ्या फरश्या उचलल्या. मऊ माती काढून टाकली. खडी घातली, वर मुरूम टाकून दौलतने धुमसाने ठोकून ठोकून बसवला. घराकडून बागेकडे उतार धरला. मग चाळलेली रेती, आणि तिच्यावर माझ्या बहिणी. माझ्या जागी नवी, धडधाकट फरशी आली. तुटक्या कोपऱ्याची मी कशी बसणार?

पुढच्या आषाढात सगळे दारात उभे होते. आक्कांनी पाऊल टाकलं. आई तोंडावर हात धरून पुटपुटल्या, "सांभाळून गं." काहीच हललं नाही. आक्का चाफ्याशी पोहोचल्या, फांदी चाचपली आणि मोठ्याने हसल्या. "आई, हात काढ आता तोंडावरचा. पोचले मी!"

डोळ्यांनी न दिसताही त्यांना ते कसं कळलं, कोण जाणे.

मित्रांनो, कुणी डगमगलं तर त्याला उपटून फेकू नका. आधी वाकून बघा, त्याला बसवलंय कशावर.

आक्कांची काठी रोज वाजते. चाफ्याशी येते आणि तिथूनच मागे वळते. माझ्यापर्यंत यायचं तिला कारण नाही. मी ऐकत असते.