दोन टप्पे

लेकीने डाव्या कोपऱ्यात झेप घेतली, रॅकेट जमिनीला घासत चेंडू उचलला आणि तो समोरच्या भिंतीला अलगद लागून तिथेच बसला.

"अकरा–नऊ! सामना!" काचेमागून पंच ओरडले.

स्क्वॉशच्या संघात जागा एकच उरलेली, आणि तिच्यासाठी मायलेकी समोरासमोर. आई बेचाळिशीची, नऊ वेळची विजेती. आज हरली की खेळणं संपलं. तिने हात पुढे केला. लेकीने आपला हात वर केला.

"थांबा. मी मारायच्या आत दोन टप्पे पडले. गुण आईचा."

"मला नाही दिसले," पंच म्हणाले.

"माझ्या हाताला कळले ना!"

रॅकेटखालचा दुसरा टप्पा बहुतेक वेळा मारणाऱ्यालाच ठाऊक असतो.

दहा–दहा.

आईने सूट दिली नाही. दिली असती, तर पोरीने आठवडाभर अबोला धरला असता.

अकरा–दहा.

बारा–दहा. आई.

गाडीत लेक मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती. वडील गाडी चालवत होते.

"वाईट वाटतंय?" आईने विचारलं.

"हो. शेवटची सर्व्हिस काय गाढवासारखी घेतली मी!"

आई हसली. मग हसू ओसरलं.

"माझ्या पहिल्या अजिंक्यपदाचा शेवटचा चेंडू. दोन टप्पे होते. मी गप्प बसले."

मागे पाय खाली आले.

"दुसरा तुझ्या बुटाजवळ पडला," वडील रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"तुला काय माहीत? तेव्हा तर आपली ओळखही नव्हती!"

"काचेला नाक लावून बसलो होतो. तावातावाने भांडायला आलो खाली."

"तू तर अभिनंदन केलंस."

"जिन्यात बसून रडत होतीस. लोक म्हणाले, आनंदाने रडतेय. मला काही ते पटलं नाही. मग भांडणार कुणाशी?"

बावीस वर्षं. आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"बाबा, तुम्ही पण ना, पक्के आतल्या गाठीचे!" लेक म्हणाली. मग पुढे वाकून हळूच: "आई, तिचा नंबर आहे तुझ्याकडे? त्या हरलेल्या मावशीचा?"

"आहे. तिने दोनदा बदलला, दोन्ही वेळा नवा मिळवला मी."

वडिलांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आई पिशवीत फोन शोधू लागली.