एक्केचाळिसावी ओळ

पांढरं व्हिनेगर, जुना टूथब्रश, अर्धा तास.

झेंडूचा भाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढतो. दसऱ्यानंतर तोच झेंडू गाई खातात.

डोळ्यात रुईचा तंतू गेला तर चोळायचं नाही. डोळा उघडा ठेवून बसून राहायचं.

बाळापूरच्या स्टँडवर दुपारी ऑटो नसतो.

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि डावा गुडघा दुखतो.

आता सरळ सांगते.

अकोल्याच्या एका बंद सूतगिरणीचं सामान भंगारात निघालं, त्यातला संगणक मी घेतला. टेबलावरचा नव्हे. लोखंडी पेटीतला, दोन माणसांनी उचलायचा, धुळीत चालण्यासाठी बनवलेला. ब्लोरूममध्ये, म्हणजे रुई पिंजायच्या खात्यात, कोणतं यंत्र कोणानंतर सुरू व्हायचं ते तो ठरवायचा. तिथे देखभालीत मी एकवीस वर्षं होते. खात्यात एकटी बाई.

त्याचा प्रोग्रॅम आमच्याच खात्यातल्या पंजाबरावांनी लिहिला होता, १९९१ साली. दहावी नापास माणूस, मांडीवर शब्दकोश, समोर इंग्रजी पुस्तक. तीनशे बारा ओळी. कागदावर कुठेच नाहीत. पेटीच्या आठवणीत होत्या, आणि वीज बंद असताना ती आठवण एका बॅटरीवर टिकायची. गिरणी बंद पडायच्या आधी ती बॅटरी मीच टाकलेली. नशिबाने अजून जिवंत होती.

पंजाबरावांनी आपलं काम पुन्हा चालताना बघावं, एवढंच मला हवं होतं. ते एक्क्याऐंशीचे आहेत.

ओळ १ ते ४०

अमरावतीला घराच्या पडवीत चार महिने गेले. फुगलेले कपॅसिटर बदलले. गंजलेले सांधे व्हिनेगरने घासले. ऑगस्टमध्ये छोट्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. पडदा एका वेळी एकच ओळ दाखवायचा. मी वहीत उतरवून घेऊ लागले. चाळिसाव्या ओळीला पाठ आखडली. म्हटलं, उरलेलं उद्या.

तो उद्या दीड महिना चालला.

बॅटरी चालू संगणकातच बदलायची असते. वीज असेल तोवर आठवण जात नाही. खंडेनवमीच्या सकाळी जुनी काढली, सोल्डरिंगची गन तापत ठेवली. तेवढ्यात शेजारच्या बेबीताई टोपलं घेऊन आल्या. त्यांचा फुलांचा मळा आहे.

"जमुनाबाई, हार आनला. पूजा करू तुह्या डब्याची."

"डबा नका म्हनू त्याले."

"मंग काय म्हनू, जावई?"

"म्हना. तेवढाच खर्चिक हाये."

"पन हा घुरघुर करून राहिला ना वं. चालू मशीनले कुकू लावते काय कोनी?"

नाही लावत. गिरणीत एकवीस खंडेनवम्या मेन स्विच मीच खाली ओढला. त्या दिवशी एक चाक फिरायचं नाही. मशीन पुसायची, हळदीकुंकू, हार, नारळ. दुसऱ्या दिवशी मेन वर, आणि सगळं जागच्या जागी चालू, कारण बॅटरी आत असायची.

हात गेला. मेन खाली आला.

पेटीतला पंखा थांबला तेव्हा मला टेबलावर ठेवलेली बॅटरी दिसली.

बेबीताईंनी हार घातला, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? झालं तरी काय?"

ओळ ४१ ते ३१२

.

.

पुढच्या रविवारी बाळापूरला गेले. स्टँडपासून चालत. पंजाबराव खाटेवर होते. मी सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि वही दिली. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली.

"सतरावी चुकली तुही. चार सेकंदाचा थांबा पायजे इथं. नाही तर रुई तुंबते."

"बाकीच्या आठवतील काय, काका?"

त्यांचं बोट एक्केचाळिसाव्या कोऱ्या रेघेवर आलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. त्यांच्या पत्नी पार्बताबाई चहा घेऊन आल्या, त्याही उभ्या राहिल्या.

"तवा हातानंच लिवलं गेलं वं," ते म्हणाले. "डोक्सं मागून यायचं. आता हातानं चहाचा कप सांडते."

"कप नाही," पार्बताबाई म्हणाल्या, "परवा अख्खी किटली."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"पूजा तं बराबर केली ना?"

"हो."

"मंग ठीक." त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली आणि भिंतीकडे कूस वळवली. पार्बताबाईंनी खुणेनं सांगितलं, झोपू दे.

घरी येऊन सतरावी ओळ दुरुस्त केली. चाळीस ओळी पुन्हा भरल्या. संगणक चाळीसपर्यंत बरोबर जातो, मग पुढच्या हुकमासाठी थांबतो. पडद्यावर हिरवी चौकट उघडझाप करत राहते. मी समोर खुर्ची टाकून बसते. कधी बेबीताई विचारतात, जावई काय म्हनते? मी म्हणते, थकला.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी पंजाबरावांचा फोन आला होता, पुतण्याची गाडी आली आहे, आजच येतो मशीन पाहायला. मी म्हटलं होतं, आज नको, आधी बॅटरी बदलून घेते.