डाव्या कोपऱ्याची गाठ

हरकत घ्यायला दहा दिवसांची मुदत होती. ताईने ती नवव्या दिवशी सकाळी घेतली, पाऊण पानात, 'कळावे' वगैरे लाडीगोडी न लावता. बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या चादरी तिच्या धुलाईघरात धुतल्या जात होत्या. आता मोहोरबंद निविदा मागवून ते काम एका नव्या कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीवाल्यांनी आजवर स्वतःचा हातरुमाल तरी धुतला होता का, देव जाणे! दवाखान्याचं काम गेलं की धुलाईघराला कुलूप आणि चौदा बायका घरी, एवढा सरळ मामला होता.

"ताई, सोड ना," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याच्या डब्यापासून लग्नापर्यंत सगळं हिनेच निस्तरलं. आता छत्तिशी गाठली तरी चौदाही जणी त्याला धाकटाच म्हणायच्या आणि येता-जाता चिडवायच्या. धुलाईघराचे कागद, टायपिंग, कपाटाची किल्ली, सगळं त्याच्याकडे.

"मोठी माणसं आहेत ती. उगाच त्यांच्या डोळ्यावर येऊ नकोस."

"आले तर आले! मी काय त्यांच्या ताटातलं ओढून घेतेय?"

त्याच दुपारपासून समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा राहायला लागला. चौकटीचा शर्ट, हातात मोबाइल, ना कुणाची वाट बघणं ना कुठे जाणं. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट, तीच जागा. तिसऱ्या दिवशी ताईला फोन आला. पलीकडचा आवाज फार अदबीचा होता.

"बाई, तब्येतीला जपा."

"नाव सांगा की! डॉक्टरांना सांगते, कोण एवढी चौकशी करतंय ते."

फोन बंद झाला. ताई हसली खरी, पण नंतर साबणाचं माप घेताना तिच्या हातून अर्धी पावडर जमिनीवर सांडली. धाकट्याच्या तोंडावर तर प्रेतकळा आली होती. बिचारा माझ्या काळजीने झुरतोय, असं तिला वाटलं, आणि तिचा जीव गलबलला.

हरकत घेणाऱ्याला जिंकलेल्याची फाइल तासभर बघता येते, असा नियम होता. ताई निविदांच्या कार्यालयात गेली. मोबाइल बाहेर ठेवायचा, पेन्सिलीने काय ते टिपून घ्यायचं, आणि समोर कारकून डोळ्यात तेल घालून बसलेला. 'कामाची पद्धत' या पानावर ती आली आणि तिची पेन्सिल थांबली.

'संसर्गाच्या वॉर्डातील प्रत्येक चादरीच्या डाव्या कोपऱ्यास गाठ मारावी, म्हणजे ती उलगडण्याआधीच ओळखता येईल.'

ही गाठ तिची होती! फार वर्षांपूर्वी चादरीत गुंडाळून आलेली सुई एका पोरीच्या तळहातात घुसली आणि ती पोर तीन महिने अंथरुणावर पडली. तेव्हापासून ताईने ही गाठ सुरू केली. वॉर्डातल्या आयांना तिने स्वतः जाऊन शिकवलं होतं. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती, दुसऱ्या कुठल्या धुलाईघरात नव्हती.

"चोर सापडला!" ती एवढ्याने ओरडली की कारकुनाच्या हातून चहा हिंदकळला.

तिथल्या तिथे तिने कागद मागून घेतला आणि लिहून दिलं: माझं मोहोरबंद पाकीट तारखेआधी याच कार्यालयात फोडून त्यातली पद्धत उतरवली गेली. खाली सही ठोकली, शिक्का मारून घेतला. सुनावणी दुसऱ्याच दिवशी अकराला होती.

तिची केस बघणाऱ्या वकीलबाई फोनवर खूश झाल्या. "ताई, तुमच्या निविदेची प्रत घेऊन या. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवू, मग बोलू दे त्यांना."

संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर ताईने प्रत काढली. 'कामाची पद्धत'. तिने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. गाठ कुठेच नव्हती. 'संसर्गाच्या चादरी लाल पिशवीत', एवढंच होतं.

मग तिला आठवलं. निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी लाल पिशवीची नवी अट आली होती. तिने स्वतःच्या हाताने कच्च्या कागदावरचं गाठीचं वाक्य खोडलं होतं आणि धाकट्याने ते पान पुन्हा टाइप केलं होतं. म्हणजे गाठ पाकिटात गेलीच नव्हती. ती फक्त कच्च्या कागदावर होती, आणि कच्चा कागद धाकट्याच्या कपाटात.

तिने खिडकीतून पाहिलं. धाकटा घरी निघाला होता. चौकटीचा शर्ट फुटपाथवरून उतरला. धाकट्याने मान न वळवता त्याला हात केला, रोजच्या दूधवाल्याला करावा तसा, आणि दोघं बरोबर चालायला लागले. इतके दिवस तो माणूस ताईवर नजर ठेवून नव्हताच.

सकाळी दोघं भावंडं एकाच रिक्षाने गेली.

सुनावणीच्या खोलीत वकीलबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, पाकीट आम्ही फोडलं म्हणता. पण तुमच्या पाकिटात गाठच नाही. तक्रार खोटी ठरली, तर तुमचं धुलाईघर काळ्या यादीत."

वकीलबाईंनी चमकून ताईकडे पाहिलं.

"ताई," धाकटा तिच्या कानाशी कुजबुजला. "कंपनीवाले चौदाही जणींना ठेवून घेणार म्हणाले. मला मॅनेजर करणार होते. तुझे हात किती सुजतात गं... मला वाटलं, तुलाही सुटका मिळेल."

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही.

"साहेब, माझं चुकलं. पाकीट कुणी फोडलं नाही. कच्चा कागद माझ्या धुलाईघरातून त्या कंपनीकडे गेला. माझ्या भावाने दिला. लिहून घ्या."

"मग कंपनीचं काम रद्द होईल," साहेब सावकाश म्हणाले, "आणि भावावर गुन्हा." कारकुनाने पेन उचललं होतं. साहेबांनी बोटाने त्याला थांबवलं. "घाई नको. घरी जाऊन विचार करा. तुमच्या भावाला सोडायला खाली माणूस उभा आहे. चौकटीचा शर्ट."

त्या माणसाचा शर्ट साहेबांना कसा ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. धाकट्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

ताईने त्याचं मनगट धरलं. शाळेत सोडताना रस्ता ओलांडायला धरायची, तसंच घट्ट.

"हा खाली जाणार नाही. पोलिसांना इथे बोलवा, त्यांच्याबरोबर जाईल."

कारकून हलेना. तेव्हा तिने दुसऱ्या हाताने त्याच्यापुढचा जबाबाचा कागद ओढला आणि त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं. साहेब खुर्चीतून उठले. 'कागद देणाऱ्याचे नाव' या रकान्याशी तिचा हात क्षणभर अडला. त्याला नावाने कुणी हाकच मारत नसे. ते नाव तिने शेवटचं लिहिलं होतं त्याच्या पहिलीच्या प्रवेशाच्या अर्जावर. आताही तिने ते तसंच लिहिलं, पूर्ण आणि वळणदार अक्षरात.