आतली शेपटी

“ताई, तूच तर म्हणालीस ना, आहे म्हणून?”

रक्ततपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर धाकटा भाऊ बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हातांना ग्रीसचा वास आणि मोठ्या बहिणीवर आंधळा विश्वास. खोलीत तंत्रज्ञ असलेल्या ताईला आज तो विश्वासच सोसवेना.

ती म्हणाली होती खरं. भाचीचा, म्हणजे त्याच्या पोरीचा, ताप हटेना, हाडांत गाठी यायला लागल्या, तेव्हा ताईनेच पोरीचं रक्त मशीनवर लावलं होतं. प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरचा निरोप ते आत पोचवतात. चमकणारा रंग त्यांना चिकटतो आणि मशीन ती चमक मोजतं. भाचीच्या पेशी इतरांहून जास्त चमकल्या. ताई इतकी हरखली की तिथूनच फोनवर ओरडली, “आहे रे, आहे! भरपूर आहे!” तिच्या खोलीत ‘आहे’ म्हणजे दिसतंय, एवढंच. भावाने ऐकलं, पोर ठणठणीत आहे. मोठ्या इस्पितळातली तपासणीची तारीख त्याने परस्पर रद्द करून टाकली. तेव्हा पोर निदान आपल्या पायांनी जिना चढत होती.

आज जनुकांचा अहवाल आला होता.

“रिसेप्टरचा बाहेरचा भाग धडधाकट आहे रे,” ताई म्हणाली. “पण आत त्याला शेपटी असते. निरोप तिच्यावरून पुढे जातो. हिची शेपटीच तुटकी आहे. जुने रिसेप्टर आत ओढायची खूणही तिच्यावरच असते. ती नाही, म्हणून ते बाहेर साचत गेले. म्हणून जास्त दिसले.”

“म्हणजे मजल्यावरचं बटण पेटतंय, पण मोटरला पत्ताच नाही.”

“हो.”

“मग वायर जोडा की!”

“कुठे कुठे जोडणार, राजा? लाखो पेशी आहेत. या पेशी बनवणारी अस्थिमज्जाच दुसऱ्याची घालावी लागेल. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी जंतू आटोक्यात यायला हवेत.”

“आणि ते कसे येणार?”

जंतूंना आवरायचं त्याच पेशींनी, आणि त्यांनाच निरोप मिळत नव्हता. औषधं चालू होती, पण पोर दिवसेंदिवस खंगत चालली होती. याने चारचौघांत आपल्या थोबाडीत मारावी, असं ताईला मनापासून वाटलं. पण हा मेला लहानपणीसुद्धा कधी उलटून बोलला नव्हता.

“अरे, चिड ना माझ्यावर!”

“चिडून ती उठून बसणारे का?” तो म्हणाला. मग, “माझी मज्जा चालेल?”

“बापाची अर्धीच जुळते.”

“अर्धी तर अर्धी. काढ रक्त.”

तो आत जाऊन खुर्चीत बसलासुद्धा. ताईने पट्टा बांधला, शीर चाचपली. डोळे मिटूनही शीर सापडायची तिला. सगळं इस्पितळ अवघड शिरांची माणसं तिच्याकडेच धाडायचं. आज सुई बाजूला गेली. कातडीखाली निळा फुगवटा आला आणि नळी कोरडीच राहिली.

भावाने बाही खाली केली आणि दुसरा हात पुढे केला.